अर्ध्या कळपाचं औषध

१ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

पीएच.डी. सबमिशनची शेवटची तारीख ३१ मार्च. ही तिसरी मुदतवाढ. चौथी मिळणार नाही, असं विद्यापीठानं पत्रात अधोरेखित केलंय. कॉलेजच्या पत्रात अधोरेखित काही नाही, पण मजकूर जास्त वाईट आहे. पीएच.डी. नसलेल्या अध्यापकांची सेवा ३१ मार्चनंतर चालू ठेवता येणार नाही, अशा अध्यापकांची यादी सोबत जोडली आहे. यादीत एकच नाव आहे. माझं.

हातात एकोणसाठ दिवस. तेवढ्यात माणूस काय करू शकत नाही! संकल्प: रोज पाचला उठणे. आज सहा वाजले, पण आज शनिवार आहे.

२ फेब्रुवारी

विषय स्वतःसाठी एकदा स्वच्छ लिहून काढतो. मॅडम म्हणतात, साध्या भाषेत सांगता येत नसेल तर कळलेलं नाही.

पाणबुडा खोल पाण्यातून घाईनं वर आला की अंगावरचा दाब एकदम उतरतो आणि रक्तात बुडबुडे सुटतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, कधी जीवही जातो. आता परदेशात असं दिसलंय की उदासीनतेवर माणसांना देतात ती एक गोळी जर उंदरांना आधीच दिली, तर त्यांना हा त्रास कमी होतो. मी हे कमी डोसवर चार आठवडे करून बघणार. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं पाणी. मग चोवीसही उंदीर दाबाच्या टाकीत. दाब झटकन सोडायचा आणि कोण लंगडतं ते बघायचं. एवढंच.

इथून समुद्र साडेतीनशे किलोमीटर. मी स्वतः समुद्रात गुडघ्यापर्यंत गेलोय, तेही ज्ञानेश्वरीनं हात धरला होता म्हणून. सात वर्षांपूर्वी माझ्या गाइड मंजुषा मॅडम म्हणाल्या होत्या, मराठवाड्यात कुणी करत नाही असा विषय घ्या. का करत नाही, ते विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. नवव्या दिवशी. टाकी भरता भरता तिसरं प्रकरण राहिलं.

५ फेब्रुवारी

आप्पांना पाचोडहून घेऊन आलो. दिवाळीत आई गेली तेव्हापासून वडील एकटेच होते. मेंढरं चुलत्यांना देऊन टाकली. आमच्या मुकुंदवाडीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत घोंगडी टाकून बसलेत. स्टेशनात गाडी येते, गाडी जाते. ते मान वर करत नाहीत. विचारलं तर व्हय, नाहीतर नाय. तिसरा शब्द नाही.

ज्ञानेश्वरी म्हणाली, अहो, आप्पांना डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणालो, अगं, या विषयातला माणूस घरात बसलाय. सात वर्षं मी उदासीनतेच्या औषधांवर काम करतोय. उदास माणूस मला लांबून ओळखू येतो. आप्पा नुसते शांत आहेत.

मग म्हणाली, आणि तुम्ही? तुम्ही जेवत नाही, झोपत नाही. तिला शांतपणे समजावलं. उदास माणसाला सकाळी उठवत नाही. मी झोपतच नाही, तर न उठण्याचा प्रश्न येतो कुठे?

ती उठून भांडी आवरायला गेली. पटलेलं दिसलं.

८ फेब्रुवारी

टाकी आली! चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंद्रजीतनं जुन्या कॉम्प्रेसरपासून बनवून दिली. बाजूला गोल काच, वर घड्याळाएवढा मीटर. यात शिजवायचं काय, असं त्यानं तीनदा विचारलं. पहिल्या चाचणीला शिट्टी मारली. रबर बदललं. आता गप्प आहे.

उंदीर कालच आले, हैदराबादहून, एसी गाडीतून. मी सात वर्षं कॉलेजला टू-व्हीलरवर जातो. परवानगी चोवीसची. पंचविसावा उंदीर मिळणार नाही. डाव एकच.

१० फेब्रुवारी

डोसचा पहिला दिवस. प्राणीगृहाचा अटेंडंट सोमनाथ काल भावाच्या लग्नाला सिल्लोडला गेला तो गेलाच. फोन उचलत नाही. म्हणून मीच सुरुवात केली.

दोन उंदीर झाले. दोन बोटंही झाली.

मी उंदरांना भीत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. फक्त उंदीर हातात घेतला की माझा हात आपोआप उघडतो. शेजारच्या केबिनमधून तनुजा धावत आली, सांडलेलं औषध पुसलं, पळालेला उंदीर कपाटाखालून काढला. तनुजा पाच वर्षांपूर्वी माझीच विद्यार्थिनी. तीन वर्षांत पीएच.डी. करून मोकळी झाली. अजून मला सर म्हणते. तोंडावर गोड असतात अशी माणसं.

डोस उद्यापासून धरायचा.

११ फेब्रुवारी

ब्रेनवेव्ह! आप्पा.

चाळीस वर्षं मेंढरांना औषध पाजलेला माणूस माझ्या बाल्कनीत बसलाय आणि मी बोटांना पट्ट्या बांधतोय! प्राचार्यांकडून रोजंदारीची परवानगी काढली आणि आप्पांना स्कूटरवर मागे बसवून नेलं.

त्यांना सगळी सिस्टिम समजावली. लाल झाकणाची बाटली लाल ठिपक्याच्या पिंजऱ्यांना, निळ्या झाकणाची निळ्यांना. एकीत औषध, एकीत नुसतं पाणी. आप्पा म्हणाले, औषध कोनत्या बाटलीत हाय? मी म्हणालो, मला माहीत नाही. मुद्दामच. बाटल्या दर सोमवारी तनुजा भरणार आणि कशात काय आहे ती चिठ्ठी मॅडमकडे पाकिटात बंद. मला कळलं तर माझं मन एका बाजूला झुकेल, म्हणून.

आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी म्हणालो, याला ब्लाइंडिंग म्हणतात. त्यांनी आणखी वेळ बघितलं. मग म्हणाले, बरं.

शास्त्र कुणालाही पटतं. समजावणारा पाहिजे.

१२ फेब्रुवारी

आप्पांनी चोवीस उंदीर पंचवीस मिनिटांत पाजले. मानेच्या कातड्याला दोन बोटांत धरायचं, ड्रॉपर गालाच्या कडेनं आत, झालं. एकही ओरखडा नाही. मी दारातून देखरेख केली.

१९ फेब्रुवारी

आप्पा बोलायला लागलेत. काल जेवताना ठेचा मागून घेतला. आज सकाळी माझ्याआधी तयार होऊन जिन्यात उभे. ज्ञानेश्वरी म्हणाली, त्यांना जनावरं पाहिजे होती हो, बाकी काही नाही. वरवरचं निरीक्षण. मी त्यांना रोज सकाळी सकारात्मक विचारांचा एक व्हिडिओ पाठवतो. त्यांचा मोबाइल साधा आहे, त्यावर व्हिडिओ दिसत नाही, पण परिणाम दिसतोय.

उंदरांना त्यांनी नावंही ठेवलीत. सरपंच, भांडखोर, रेल्वे (सारखी पळते म्हणून), तलाठी. सगळे पांढरेशुभ्र, एकसारखे, मला शेपटीवरचा नंबर बघावा लागतो. आप्पा दारातूनच ओळखतात. सात नंबरला मंजुळा म्हणतात. आईचं नाव उंदराला द्यायचं मला बरं वाटलं नाही, तसं बोललो. आप्पा म्हणाले, अरे, ती बी अशीच. दुसऱ्याचं झाल्याबिगर खायची नाय.

२८ फेब्रुवारी

लेखनाचा आढावा. पूर्ण: ऋणनिर्देश, चार पानं. (तनुजाला एका ओळीत आटोपलं.) तिसरं प्रकरण: फॉन्ट ठरला.

एकतीस दिवस उरले. घाबरण्यासारखं काही नाही. आकडे आले की थीसिस आपोआप लिहिला जातो, असं सगळेच म्हणतात. ज्यांचा झालाय ते.

६ मार्च

स्टाफरूममध्ये पुढच्या वर्षाचं टाइमटेबल लागलं. माझे तास तनुजाच्या नावापुढे. क्लार्क म्हणाला, तात्पुरतं आहे सर. कुणासाठी तात्पुरतं, ते बोलला नाही.

मला भीती वाटते. लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे. चाळिशीला दोन वर्षं कमी आहेत आणि मला दुसरं काही येत नाही. हेही येतं की नाही, ते ११ तारखेला उंदीर टाकीत गेले की कळेल.

११ मार्च

टाकीचा दिवस. चार-चार उंदरांच्या सहा फेऱ्या, तीन आज, तीन उद्या. नव्वद मीटर खोल पाण्याएवढा दाब. पाऊण तास तसंच. मग तीन मिनिटांत खाली.

आप्पा काचेवर हात ठेवून उभे. म्हणाले, कोंडून कामून घातलं रं त्यांला? मी म्हणालो, माणसांच्या भल्यासाठी. म्हणाले, त्यांला इचारलं का?

पहिली फेरी बाहेर आली. नियमाप्रमाणे अर्धा तास बघायचं. चारी उंदीर पळत होते. ठीक. ते औषधवाले असतील.

दुसऱ्या फेरीच्या वेळी मी मनात देवाला हात जोडले. देवा, निम्म्यांना तरी काहीतरी होऊ दे. एखादा पाय. जास्त मागत नाही. शेजारी आप्पाही हात जोडून उभे होते. ते काय मागत होते ते विचारलं नाही.

१२ मार्च, संध्याकाळी ५

चोवीस फिट! एकानंही पाय ओढला नाही! तलाठी शिंकला, तेवढंच. शेपटीतून थेंब थेंब रक्त घेऊन सँपल फ्रीजमध्ये ठेवलं आणि सगळ्या स्टाफला पेढे वाटले. सगळे वाचले, म्हणजे औषध शंभर टक्के काम करतं!

१२ मार्च, संध्याकाळी ६.३०

बारांना औषध दिलंच नव्हतं.

१३ मार्च

होळी. पुरणपोळीला हात लावला नाही.

मॅडमनी पाकीट उघडलं. लाल औषध, निळं पाणी. निळे बाराही ठणठणीत. दोन गटांत फरक शून्य. फरक शून्य म्हणजे निष्कर्ष शून्य, निष्कर्ष शून्य म्हणजे मी शून्य.

मीटर खोटा असणार. इंद्रजीतला बोलावलं. त्यानं स्वतःचा मीटर लावला, दोन्ही सारखे. म्हणाला, सर, टाकी बरोबर है, आपके चूहे देखो.

१५ मार्च, सकाळी ७

सापडलं! काल धुळवडीला लोक खाली रंग खेळत होते आणि मला अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं. हवामान! वर्षानुवर्षं दुष्काळ, ऊन, टँकर. मराठवाड्याचा जीव मुळातच काटक. आमच्या उंदरांना बुडबुडे काय करणार! थीसिसचं नाव बदलायचं: "अवर्षणप्रवण प्रदेशातील उंदरांची दाबसहनशीलता." हा तर मूळ विषयापेक्षा मोठा शोध आहे. परदेशातून बोलावणं येईल.

१५ मार्च, दुपारी १

तनुजा म्हणाली, सर, उंदीर हैदराबादचे आहेत ना? आणि एसीत वाढलेले.

१६ मार्च

नवीन शक्यता. पाणी पिऊनही उंदरांना वाटलं असेल की आपल्याला औषध मिळालं. माणसांत असं होतं. मॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, रामकिसन, थोडे दिवस सुट्टी घ्या.

पंधरा दिवस राहिलेत आणि सुट्टी घ्या!

१७ मार्च

रक्ताचे सँपल पुण्याच्या लॅबला पाठवले. आता खरं काय ते रक्तच बोलेल.

२२ मार्च

रिपोर्ट आला. चोवीसही उंदरांच्या रक्तात औषध. लाल-निळे सगळे सारखे. आणि प्रत्येकात पाहिजे त्याच्या निम्मं.

रिपोर्ट तीनदा वाचला. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं. दोन्ही बाटल्यांत निम्मं निम्मं औषध भरलं! आणि बाटल्या भरत कोण होतं? माझे तास कुणाच्या नावापुढे लागलेत? दोन अधिक दोन चार. तोंडावर गोड असतात, हे मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं.

ज्ञानेश्वरीला तेवढंच सांगितलं की रिपोर्ट चांगला नाही. चहा ठेवून ती बराच वेळ जवळ बसून राहिली.

२४ मार्च

प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. तीन पानं. सात वर्षांत पहिल्यांदा एका बैठकीत तीन पानं लिहून झाली. भाषा संयत ठेवली. "विश्वासघात" फक्त पाच वेळा. प्राचार्य म्हणाले, विचार केलाय ना? मी म्हणालो, सात वर्षं तेच करतोय.

तनुजाला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला क्षणभर कसंतरी झालं. पण गुन्हेगारही रडतात.

२५ मार्च

जेवायला बसलो होतो. ज्ञानेश्वरीला सांगत होतो की एका बाईनं बाटल्या मिसळून माझी सात वर्षं पाण्यात घातली. आप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले, मिसळल्या की. म्या मिसळल्या. पहिल्याच दिशी.

मी भाकरी खाली ठेवली आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहितो. तुला म्या इचारलं, औषध कोनत्या बाटलीत हाय. तू म्हनला, मलाच ठावं नाय. मला लई वाईट वाटलं. म्हनलं, पोरगं एवढं शिकलं अन् बाटली इसरलं. चार लोकायत कशाला बोलावं, इज्जत जाती. म्हनून दर सोमवारी दोन्ही बाटल्या एका घमेल्यात वतल्या, ढवळल्या, परत भरल्या, अन् सगळ्यांला पाजलं. अन् राम्या, कळप कधी अर्धा पाजायचा नसतो. सोडलेलं जनावर रोग धरतं अन् पाजलेल्याला घेऊन मरतं. हे तर आपल्या वाडीतल्या बारक्या पोराला ठावं असतंय.

मग म्हणाले, एक बी मेलं का? नाय ना?

मी ताटावरून उठलो. प्रयोग त्यांनी माझ्यापेक्षा चांगला केला होता. फक्त तो माझा नव्हता.

२६ मार्च

तक्रार मागे घेतली. प्राचार्यांनी कारण विचारलं. "कौटुंबिक" असं लिहिलं.

तनुजाकडे गेलो. शब्द घोकून ठेवले होते, एकही आठवला नाही. नुसता उभा राहिलो. ती म्हणाली, सर, बसा. पाणी दिलं. म्हणाली, मला जे येतं ते तुम्हीच शिकवलंय. उंदीर धरणं सोडून, हे दोघांनाही माहीत होतं, पण ती ते बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी बाहेरची तपासणी समिती प्राणीगृह बघून गेली. मी केबिनचं दार लावून बसलो होतो.

२८ मार्च

ठरवलं. अशा वेळी माणसानं प्रॅक्टिकल व्हावं.

मी याला खोटे आकडे म्हणत नाही. सुधारित निरीक्षणं म्हणतो. आप्पांनी ढवळलं नसतं तर काय झालं असतं, ते परदेशातल्या पेपरांवरून माहीतच आहे. तेवढंच लिहायचं. निळ्या बारांपैकी सहा लुळे, दोन मृत. मेलेले दोन चिठ्ठ्या टाकून निवडले, म्हणजे त्यातही पक्षपात नाही. सात आणि पंधरा. प्रत्यक्षात कुणालाच मारायचं नाही, फक्त कागदावर.

अडचण एकच. जनावर आजारी पडलं किंवा मेलं की प्राणीगृहाच्या रजिस्टरवर सांभाळणाऱ्याचा अंगठा लागतो. म्हणजे आप्पांचा.

स्टँपपॅड पुढे केलं. आप्पांनी अंगठा शाईत बुडवला. मग म्हणाले, वाचून दाखव. पूर्वी आईला दाखवल्याशिवाय ते कुठंच अंगठा उठवायचे नाहीत, ती सवय. वाचलं. सात नंबर, मृत.

कोन? मंजुळा? आत्ता कणीस खात व्हती की.

मी म्हणालो, आप्पा, कागदावर फक्त. नाहीतर माझी नोकरी जाते.

त्यांनी अंगठा धोतराला पुसला. म्हणाले, गारपिटीच्या साली सरकारनं मेल्या मेंढरामागं भरपाई दिली. सगळ्या वाडीनं जित्या मेंढ्या मेल्या म्हनून लिवल्या. म्या नाय लिवल्या. तुझी आय चार दिस माझ्याशी बोलली नाय. पाचव्या दिशी भाकरी वाढता वाढता म्हनली, बरं केलं. जितं जनावर मेलं म्हनू नये.

आणि मग म्हणाले, ती गेली तवा तू दोनच दिस थांबला. मला वाटलं, पोरगं रडल. तू लॅपटॉप उघडून बसला.

मी संडासात जाऊन कडी लावली आणि रडलो. किती वेळ ते माहीत नाही. आई गेली तेव्हा पेपरची डेडलाइन होती, वेळ मिळाला नव्हता. बाहेर आलो तर आप्पा दाराबाहेर उभे. पाठीवर हात ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही. स्कूटर मी चालवत होतो.

नोंद: नैतिक कारणास्तव मी आकडे बदलले नाहीत.

३० मार्च

पाडवा. गुढी आप्पांनी उभारली. मी अकरापर्यंत झोपलो. कित्येक महिन्यांनी. ज्ञानेश्वरीनं कुणालाही दारावरची बेल वाजवू दिली नाही.

३१ मार्च

आज ईदची सुट्टी, विद्यापीठ बंद. आशेला जागा आहे! मुदत संपायच्या दिवशीच ऑफिस बंद असेल, तर कायद्यानं मुदत संपतच नाही. उद्या जाऊन हे मांडतो. ऋणनिर्देशाची चार पानं सोबत नेतो, काम चालू असल्याचा पुरावा म्हणून. आता त्यातला एक परिच्छेद तनुजाचा आहे.

१ एप्रिल

खिडकीवरची बाई म्हणाली, सर, कॉम्प्युटरला सुट्टी नसते. रात्री बाराला आपोआप बंद झालं.

ऋणनिर्देश तिनं वाचला मात्र. छान लिहिलंय म्हणाली.

४ एप्रिल

केबिन रिकामी केली. एक खोका पुस्तकं, एक पिशवी मुदतवाढीची पत्रं. तनुजानं खोका गेटपर्यंत उचलला. मी म्हणालो, राहू दे. पण पत्रांच्या पिशवीलाच माझे दोन्ही हात लागत होते, त्यामुळे फार आग्रह करता आला नाही.

ज्ञानेश्वरीनं डॉक्टरांची वेळ घेतलीय. माझ्यासाठी. पुढच्या शुक्रवारी. जाईन म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून.

८ एप्रिल

समितीचा अहवाल आला. चोवीसपैकी चोवीस प्राणी उत्तम प्रकृतीत, अशी निगा क्वचित पाहायला मिळते, अहवालात असं लिहिलंय म्हणे. सोमनाथनं सिल्लोडला सासऱ्याचं दुकान धरलंय, तो येत नाही. प्राचार्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. प्राणीगृह अटेंडंट, करारावर. वय त्रेसष्ट, कागदावर एकोणसाठ. माझ्या कॉलेजात आमच्या घरातल्या एकाची तरी नोकरी पक्की झाली.

सकाळी आठला आप्पा खाकी शर्ट घालून निघाले. डबा मी भरला. भाकरी, पिठलं, ठेचा वेगळा. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगत गेले की कामावर चाललोय. मी बाल्कनीतून बघत होतो. खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी येताना एक छापील फॉर्म घेऊन आले. तनुजा म्याडमनी अजून साठ उंदरं मागवलीत, मला एकट्याला झेपायचं नाय, म्हनून साहेबांला बोललो, हाताखाली एक मानूस द्या. साहेब म्हनले, कुनी हाय का तुमच्या बघण्यात? तुझं नाव सांगून आलो. धरायचं कसं ते म्या शिकवतो, दोन दिसाचं काम हाय.

विचार करून सांगतो म्हणालो.

ते झोपल्यावर फॉर्म नीट वाचला. पद: प्राणीगृह मदतनीस. शिक्षण: आठवी पास. पीएच.डी.ची अट कुठेही नाही. खात्री करून घ्यावी म्हणून मागची बाजूही बघितली.